लक्ष देताना मेंदूतलं रक्त काय करतं?

मेंदूसंशोधक जॉन फुल्टन यांनी १९२८ साली एका विलक्षण रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टिकेंद्रापाशी, रक्तवाहिन्यांचा गुंता झाला होता. तिथे स्टेथोस्कोप लावला की रक्ताची सळसळ ऐकू येई. अंधारात विश्रांती घेतल्यावर रुग्ण वाचायला लागला, की काही क्षणांत आवाज वाढे. डोळ्यांवर नुसता प्रकाश टाकला तर मात्र विशेष फरक पडत नसे. माझ्या मते या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच. नुसतं दिसणं वेगळं आणि लक्ष देऊन पाहणं वेगळं, हे रक्तप्रवाहातूनच कळत होतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विसाव्याला असतानाही शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तोच वापरतो. एखादा भाग कामाला लागला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरजेपेक्षा जास्तच ऑक्सिजनयुक्त रक्त येतं. या जादा पुरवठ्यामुळेच एफएमआरआयला, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे चित्रात दाखवणाऱ्या चुंबकीय तपासणीला, संकेत मिळतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म निराळे असतात, याचा उपयोग शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिला. मात्र चेतापेशींचं काम क्षणार्धात होतं, तर रक्ताची लाट शिगेला पोचायला ५-६ सेकंद लागतात. चित्रात दिसतं ते असं मागाहून आलेलं.

डॉप्लर तंत्र त्याहून साधं आहे. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं. तिथे प्रोब टेकवून ध्वनिलहरी आत सोडल्या, की मोठ्या धमनीतल्या रक्ताचा वेग सलग मोजता येतो. नेमकी जागा समजत नाही, पण माणूस निवांत खुर्चीत बसून काम करू शकतो.

पडद्यावर क्वचित उमटणारी खूण टिपत बसायचं, असं कंटाळवाणं काम दिलं की वेळ जाईल तशा खुणा हुकायला लागतात. त्याबरोबर रक्ताचा वेगही उतरत जातो, आणि ही घट बहुधा उजव्या बाजूला अधिक आढळते. तोच पडदा, तितकाच वेळ, पण काहीच टिपायचं नाही असं सांगितलेल्या लोकांमध्ये मात्र वेग जवळपास स्थिर राहतो.