गांडूळ तुटलं की एकाची दोन होतात?

नाही. शेतातल्या नेहमीच्या गांडुळाच्या अंगावर शंभर-सव्वाशे वलयं असतात. मेंदू तिसऱ्या-चौथ्या वलयापाशी, हृदयं तेराव्याच्या आत, आणि १४ ते १६ वर जाडसर पट्टा. फावडं या पट्ट्याच्या बरंच मागे बसलं तर पुढचा तुकडा वाचू शकतो, नवी आखूड शेपटी फुटते. मागचा तुकडा वळवळतो तो त्यातल्या चेतारज्जूमुळे, म्हणजे अंगभर जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरीमुळे. पण तोंड नसल्याने तो बहुतेक मरतोच. तुकड्यातून अख्खा जीव होतो तो प्लॅनेरियाचा, तो चपटा कृमी वेगळाच.

तेव्हा गांडूळखतात फावडं नकोच. उजेडात ढीग करा, गांडुळं खाली जातात, मग वरचं खत हाताने काढा.