जमैकातला कुपोषणाचा वॉर्ड आणि बेटांवरचा मधुमेह

छोट्या बेटांवर मधुमेह आणि रक्तदाब इतका का, असे विचारले की उत्तर बहुतेक वेळा जहाजातून येणाऱ्या अन्नापाशी थांबते: मैदा, साखर, डबाबंद मांस, बाटलीतली पेये. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर कॅरिबियन समुद्रातल्या जमैकात, उपाशी मुलांच्या खाटांपाशी सापडते.

1954 मध्ये जॉन वॉटरलो यांनी किंग्स्टनमध्ये, मोना इथल्या विद्यापीठाच्या आवारात ट्रॉपिकल मेटाबॉलिझम रिसर्च युनिट हे कुपोषणावरचे संशोधन केंद्र सुरू केले. तिथे दोन तऱ्हेची मुले येत. एक सुकटीची: कातडी हाडांना चिकटलेली, चेहरा म्हाताऱ्यासारखा. दुसरी सुजवटीची: पाय सुजलेले, केस विरळ व तांबूस, कातडीचे पापुद्रे निघणारे. सुजवटीचे ‘क्वाशिओरकोर’ हे नाव घानातल्या गा भाषेतले. ते वैद्यकात आणणाऱ्या सिसिली विल्यम्स यांचा जन्म जमैकातलाच.

अशा मुलाला लगेच भरपूर खाऊ घालणे हीच मोठी चूक ठरते. उपासमारीत पेशींमधले पोटॅशियम घटलेले असते, सोडियम साचलेले असते आणि हृदय अशक्त असते. शिरेतून वेगाने सलाईन सोडले तर ते हृदय थकते. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारे औषध दिले तर पोटॅशियम आणखी जाते. सुरुवातीलाच लोह दिले तर जंतुसंसर्ग बळावू शकतो. ते वजन वाढू लागल्यावरच द्यायचे. या अनुभवातून घडलेली पद्धत पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या पुस्तिकेत मांडली. पहिले काही दिवस 100 मिलिलिटरला 75 किलोकॅलरी असलेले पातळ दूध, दिवसाला किलोमागे 130 मिलिलिटर. म्हणजे सूज फार नसलेल्या 6 किलोच्या मुलाला दर दोन तासांनी 65 मिलिलिटर, रात्रीसुद्धा. रात्रीचे पाजणे चुकले की पहाटे रक्तातली साखर आणि अंगाचे तापमान दोन्ही उतरतात, आणि मूल तेव्हाच दगावते. भूक परत आली की मग 100 मिलिलिटरला 100 किलोकॅलरीचे दूध.

याच युनिटमध्ये बार्बरा आणि मायकेल गोल्डन यांनी 1980 च्या सुमारास एक महत्त्वाची गोष्ट टिपली. दुधात जस्त कमी पडले तर मूल वजन घेते, पण त्यात चरबीचा वाटा वाढतो. जस्त दिले की स्नायूंचा वाटा वाढतो. वजनकाट्यावरचा आकडा पुरेसा नाही, हे तेव्हाच दिसू लागले होते. वॉटरलो यांनी तर आधीच उंचीच्या मानाने कमी वजन आणि वयाच्या मानाने कमी उंची, असे लुकडेपण आणि खुजेपण वेगळे मोजायला शिकवले होते. आपल्या अंगणवाडीतले तक्ते आजही याच फरकावर चालतात.

दरम्यान इंग्लंडमध्ये डॉक्टर व संशोधक डेव्हिड बार्कर यांनी 1986 मध्ये दाखवले, की जिथे एकेकाळी तान्ही मुले जास्त दगावत, तिथेच पुढे हृदयविकारही जास्त. मग हर्टफर्डशरमध्ये सुइणी व आरोग्यसेविकांनी 1911 पासून लिहिलेल्या वह्या सापडल्या. त्यांत जन्माचे आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन होते. कमी वजनाची मुले मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली होती.

मोनातले वाचलेले रुग्ण आता प्रौढ झाले होते. टेरेन्स फॉरेस्टर आणि सहकाऱ्यांनी त्यांना पुन्हा तपासले. सुजवटीच्या मुलांचे जन्मवजन सुकटीच्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे 330 ग्रॅम जास्त निघाले. म्हणजे उपासमारीत कोणाला काय होईल, हे काही अंशी गर्भातच ठरत होते. मोठेपणी मात्र रक्तातल्या साखरेचा बिघाड सुकटीवाल्यांत जास्त दिसला. त्यांचे इन्सुलिनही कमी पडत होते. दोन्ही गटांत हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी आणि रक्तवाहिन्यांचा विरोध जास्त आढळला. टंचाईशी जुळवून घेतलेल्या शरीरापुढे पुढे साखरेचे सरबत आले, हा खरा घोळ.

पुण्याचा धागा इथेच जुळतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. इथले बाळ सरासरी 2.7 किलोचे, इंग्लंडमधले साधारण 3.5 किलोचे. पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. पुढे 2008 मध्ये असेही दिसले, की आईच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (हेही ब गटातलेच जीवनसत्त्व) जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनला प्रतिसाद मंद असतो. म्हणून त्याच गावांत किशोरवयीन मुलामुलींना, लग्नाच्या आधीच, बी-12 देण्याची चाचणी झाली.

मोनाच्या युनिटमध्ये कुपोषित मुलांवर काम केलेले बार्बाडोसचे डॉ. जॉर्ज ॲलेन पुढे संपूर्ण अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेचे संचालक झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील कॅरिबियन आरोग्य व विकास आयोगाच्या अहवालानंतर 15 सप्टेंबर 2007 रोजी कॅरिबियन देशांचे प्रमुख पोर्ट ऑफ स्पेनला खास दीर्घकालीन आजारांसाठी जमले. तिथून हा विषय 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत गेला, आणि त्या जाहीरनाम्यात गर्भातले कुपोषण, कमी जन्मवजन, गरोदरपणातला मधुमेह आणि पुढचा लठ्ठपणा यांचा संबंध स्पष्ट नोंदला गेला.

त्यानंतर बार्बाडोसने 2015 मध्ये गोड पेयांवर 10 टक्के कर लावला आणि 2022 मध्ये तो 20 टक्के केला. जमैकाने जानेवारी 2019 पासून शाळांमध्ये 100 मिलिलिटरला 6 ग्रॅमपेक्षा जास्त साखरेच्या पेयांना मनाई केली. 250 मिलिलिटरच्या बाटलीत तरीही 15 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे साखर जाऊ शकत होती. म्हणून ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचे तेव्हाच ठरवले गेले.