गाणारा नट घडायचा कुठे? नागपूरच्या बाजूने एक पार्श्वभूमी

नागपुरात एखाद्या पोराला गाता येतं, बऱ्यापैकी नाचता येतं आणि स्टेजवर उभं राहताना त्याचे पाय लटपटत नाहीत, हे लक्षात आलं की घरचे त्याला तीन ठिकाणी पाठवतात. गाण्याचा क्लास धरमपेठेत, नाच शनिवार-रविवारी भलतीकडेच, आणि नाटकाची तालीम रात्री आठनंतर, सगळ्यांची ऑफिसं सुटल्यावर, कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये. गाण्याचे सर बजावतात, नाटकात ओरडून गळा बसवू नकोस. दिग्दर्शक म्हणतो, तुझा आलाप आवर, मला वाक्य पाहिजे. नाचाच्या बाई दोघांनाही ओळखत नाहीत. आपापल्या जागी तिघंही बरोबरच असतात.

संगीत नाटकात, किंवा हल्ली ज्याला सरसकट 'म्युझिकल' म्हणतात त्यात, पोट भरायचं तर या तिन्ही गोष्टी एकाच अंगात मुराव्या लागतात. त्या पूर्वी कुठे मुरायच्या आणि ती जागा कशी मोडली, ते बघण्यासारखं आहे.

सुरुवातीला नटाला गाता यायची गरजच नव्हती. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं म्हणायचा तो सूत्रधार. पात्रांनी सोंग वठवायचं आणि भाषणं ऐन वेळी सुचतील तशी करायची. हे बदललं 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने. पात्रं स्वतःची पदं स्वतः गाऊ लागली, आणि तीही थोडीथोडकी नाहीत, सबंध नाटकात दोनशेच्या घरात. त्या रात्रीपासून मराठीत गाणारा नट नावाचा व्यवसाय सुरू झाला, आणि तो घडवायचा कसा हा प्रश्नही.

उत्तर होतं नाटक कंपनी. कंपनी म्हणजे नोकरी, शाळा आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली. गळा चांगला असलेली पोरं लहानपणीच कंपनीत यायची, पंगतीत जेवायची, मोठ्यांचे कपडे सांभाळायची आणि विंगेत उभं राहून रोज तेच नाटक ऐकायची. पदं वहीतून पाठ होण्याआधी कानातून उतरायची. अभिनयाला तालीममास्तर वेगळे, गाण्याला बुवा वेगळे, पण दोघंही त्याच मुक्कामावर. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा तिथे तालीम द्यायला गोविंद बल्लाळ देवलांसारखा माणूस होता, आणि गाण्याला भास्करबुवा बखले. बखल्यांनी पुढे 1916 च्या 'स्वयंवर'च्या चाली बांधल्या. ख्यालगायकी शिकवणारा गुरूच जेव्हा चाल बांधतो, तेव्हा शिष्याचा रियाज आणि त्याची भूमिका या दोन गोष्टी उरत नाहीत. आजच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला हे जमलेलं मला दिसत नाही.

त्या काळचा गळा माइकशिवायचा होता, हे आपण सहज विसरतो. ऑर्गन, तबला, सारंगी यांच्या वरून शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, आणि तो पहाटेपर्यंत पोचत राहिला पाहिजे, कारण वन्स मोअर आले की नाटक लांबत जायचं. केशवराव भोसले काय किंवा दीनानाथ मंगेशकर काय, त्यांच्या गाण्यातली ती चढी, टोकदार फेक निव्वळ आवडीतून आलेली नाही. ती थिएटरची गरज होती.

यात विदर्भ कुठे होता? लिहिणाऱ्यांमध्ये भरपूर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्मले नागपुरात, 1871 साली, आणि वकिली केली खामगावात. साकी-दिंडी या जुन्या छंदांच्या वळणाच्या चालींच्या जागी त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीच्या चटपटीत चाली आणल्या, आणि नटांना नव्या तऱ्हेने गळा फिरवावा लागला. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले ते नागपूरजवळ सावनेरला. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी' दीनानाथांनी गाजवलं. म्हणजे नाटकं इकडच्या माणसांनी लिहिली, आणि ती गाणारे नट घडले तिकडच्या कंपन्यांत. कंपनीचा मुक्काम नागपुरात पडायचा, लोक तुडुंब गर्दी करायचे आणि कंपनी पुढच्या गावाला निघून जायची. इथल्या पोराला शिकायचं तर कंपनीबरोबर निघूनच जावं लागे.

मग बोलपट आला. 1932 साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर गाऊ लागला आणि कंपन्यांची गणितं कोसळली. त्याच वर्षी विनायकबुवा पटवर्धन बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीतलं काम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. मला ही घटना फार बोलकी वाटते. स्टेजवरचा गायक नट वर्गात जाऊन बसला. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. पदं मोजकी, भावगीतासारखी, आणि स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रिया. आता रात्रभर गाणाऱ्या गळ्याची मागणीच राहिली नाही. गाणं वर्गात गेलं, अभिनय दिग्दर्शकाकडे गेला, आणि दोघांची ताटातूट झाली ती आजतागायत.

नागपूरची पाळी नेमकी इथे येते, कारण नागपूरकडे कंपनी नव्हती पण वर्ग होता. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य शंकरराव सप्रे इथे श्रीराम संगीत विद्यालय चालवत. त्यांच्या विद्यार्थ्यांत दोन नावं अशी निघाली की एखाद्या शहराने त्यावर शंभर वर्षं मिरवावं: चित्रपटसंगीतातले सी. रामचंद्र, आणि वसंतराव देशपांडे. वसंतराव मूळ मूर्तिजापूरचे, जन्म 1920 चा, वाढले नागपुरात. पोरवयात 1935 च्या 'कालियामर्दन' चित्रपटात कृष्ण झाले. पण त्यानंतर त्यांनी उमेदीची वर्षं काढली ती लष्कराच्या हिशेब खात्यातल्या नोकरीत. गाणं चालू होतं, वेगवेगळ्या गुरूंकडून शिकणं चालू होतं, दीनानाथांच्या गायकीचं वेड डोक्यात होतं. पण त्यांना घडवणारी कंपनी काही आयुष्यात आली नाही.

ती कसर भरून काढली दुसऱ्या नागपूरकराने. पुरुषोत्तम दारव्हेकर, इथल्या लोकांचे 'दारव्हेकर मास्तर', यांनी रंजन कला मंदिर उभं करून हौशी मुलांकडून नाटकं बसवून घेतली होती. त्यांनी 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं, पदंही लिहिली, दिग्दर्शनही केलं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत. 1967 च्या डिसेंबरात नाटक उभं राहिलं आणि सत्तेचाळिशीतले वसंतराव खाँसाहेब झाले. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद त्यात दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. शब्द तेच, पण माणूस बदलला की लय बदलते, ठेहराव बदलतो, अहंकारसुद्धा ऐकू येतो. अभिनय गाण्यातूनच करायचा म्हणजे काय, हे कुणाला शिकवायचं असेल तर दोन्ही चाली पाठोपाठ ऐकवाव्यात. तासभराचं व्याख्यान वाचेल.

पण वसंतराव अपवाद होते, आणि अपवादावरून पद्धत तयार होत नाही. त्यांच्यामागून आलेल्या बहुतेकांचा रस्ता ठरलेला: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रवेशिका ते विशारद, कुणी शेजारच्या खैरागढच्या संगीत विद्यापीठाची वाट धरायचं. अभिनय मात्र एकांकिकांत आणि राज्य नाट्य स्पर्धेत. स्पर्धेने नागपूरला नट दिले, दिग्दर्शक दिले, नोकरी सांभाळून नाटक करायची जिद्द दिली. पण दोन महिने तालीम, एक प्रयोग, निकाल आणि पांगापांग, यात गळा कसा मुरणार?

एका संगीत नाटकाच्या वेळी मी विंगेत वही धरून बसलो होतो, तेव्हाचं सांगतो. आमचा नायक विशारद, क्लासमध्ये उत्तम गायचा. वाक्यातून पदात जायची वेळ आली. इथे एक बारीक कसब असतं. वाक्य संपायच्या आधीच ऑर्गनवाला हळूच षड्ज, म्हणजे 'सा', धरतो. प्रेक्षकाला तो जाणवतही नाही. नटाने बोलता बोलता आवाजाची पट्टी त्या सुराकडे नेऊन ठेवायची, म्हणजे पदाचा पहिला शब्द बोलल्यासारखाच उमटतो. आमच्या हिरोने वाक्य संपवलं, थांबला, घसा साफ केला, तबल्याकडे पाहिलं आणि मैफिलीत बसल्यासारखा सूर लावला. मागून एक पोट्टा म्हणाला, "आता हा गाऊन राहिला ब्वा." म्हणजे आतापर्यंत जो बोलत होता तो वेगळा आणि हा वेगळा. परीक्षकांनीही जवळजवळ तेच लिहिलं, जरा सभ्य शब्दांत.

हे कसब रोज केल्याशिवाय येत नाही. आणि रोज करण्याची सोय आजही एका ठिकाणी आहे, फक्त नागपूरकर तिच्याकडे शिक्षण म्हणून बघत नाहीत. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा लागतं. झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा; तिथल्या रंगभूमीचं हे मुख्य ठाणं. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांच्या मातीत ही रंगभूमी उगवली. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. पूर्वी गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरला की रात्री नाटक ठरलेलं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, 2021 च्या अखेरीस परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत पट नव्हते, तरी नाटकं थांबली नाहीत.

इथे एका कंपनीचे नट आज या गावात, उद्या त्या गावात, रात्रभर उभे असतात. वादक समोर, प्रॉम्प्टर जवळ, थंडी मरणाची, आणि पुढे सबंध गाव शेकोट्या सोडून आलेलं. गाणं पडलं तर लोक तिथल्या तिथे सांगतात. शहरी नाकं या नाटकांना भडक म्हणतात, आणि ती भडक असतातही; लावणीवजा नाच घुसडलेले असतात, मरणाच्या प्रसंगानंतर विनोदी पात्र येतं. पण एका हंगामात इथल्या नटाच्या वाट्याला जेवढ्या रात्री येतात तेवढ्या आमच्या हौशी नटाच्या वाट्याला पाच वर्षांत येत नाहीत. जुन्या कंपनीचं शिक्षण ज्याला म्हणावं त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा नागपूरच्या नाट्यवर्तुळात अनेकांनी वडसा नकाशात शोधलं असावं.

राहिला नाच. मराठी गायक नट नाचत नसे. नाच हा तमाशाचा, त्याचं घराणं वेगळं. 'घाशीराम कोतवाल'ने 1972 मध्ये गाणाऱ्या-हलणाऱ्या ब्राह्मणांची रांग उभी केली तेव्हा समूहाने एकाच वेळी गायचं, डोलायचं आणि पडदाही व्हायचं, अशी तालीम पहिल्यांदा जोरकसपणे दिसली. अमेरिकेतही नाचणारे निराळे आणि गाणारे निराळे असाच जुना रिवाज होता. 1943 च्या 'ओक्लाहोमा!'ने नाचाला कथेत ओढलं, 1957 च्या 'वेस्ट साइड स्टोरी'ने एकाच माणसाकडून तिन्ही मागितलं, आणि मग तिथे तिन्ही एकत्र शिकवणाऱ्या संस्था वाढल्या. आठवड्याला आठ प्रयोग करायचे तर गळा आणि गुडघे दोन्ही टिकवायला शिकवावं लागतं.

ती मागणी आता मुंबईपर्यंत आली आहे. 2018 चं 'अलादीन', 2023 मध्ये नव्या सांस्कृतिक केंद्रात आलेलं 'द साउंड ऑफ म्युझिक' असे प्रयोग बघून आलेली मुलं नागपुरात विचारतात, हे कुठे शिकायचं. ऑडिशनला सोळा किंवा बत्तीस 'बार'मध्ये, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या तालाच्या तेवढ्या छोट्या आवर्तनांत, गाणं दाखवा म्हणतात. विशारद झालेल्या मुलीचा तेवढ्यात आलापही सुरू झालेला नसतो. नागपूर विद्यापीठात नाट्यशास्त्र आहे, संगीत आहे, शहरात कथ्थकचे चांगले गुरू आहेत. या सगळ्यांच्या वेळा जुळवणारा मात्र अजून कुणी नाही.

ओळखीतली एक मुलगी गेल्या दिवाळीनंतर वडशाच्या एका कंपनीबरोबर हंगामाला गेली. घरच्यांना सांगितलं, अनुभव म्हणून जाते. संक्रांतीला तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता आणि पहिलीच तक्रार ऑर्गनवाल्याची: तो सूर फार उशिरा देतो, मला वाक्य ओढावं लागतं.