मोबाईलच्या माइकला जाड तार ऐकू येत नाही?

गिटारची सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झवर वाजते. एवढा खर्ज मोबाईलच्या इवल्याशा माइकला पकडता येत नाही, म्हणून ट्यूनर (तार सुरात आहे का ते काट्याने दाखवणारं ॲप) चुकतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. त्याच तारेतून १६५, २४७ हर्ट्झचे हार्मोनिक्सही (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर) निघतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून ट्यूनर मूळ स्वर ओळखतो.

ट्यूनरचा काटा नाचतो तो बहुतेकदा छेडण्यामुळे. जोरात छेडलेली तार ताणली जाते आणि क्षणभर चढी वाजते. बाकीच्या तारा तळव्याने दाबून धरा, बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) अंगठ्याने हलकेच छेडा, सेकंदभर थांबून मगच काटा बघा. तार चढी असेल तर आधी स्वराच्या खाली उतरवा, मग चढवत जागेवर आणा. नुसती उतरवून सोडली तर ती नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) खाचेत अडकते आणि वाजवताना सरकून आणखी उतरते.