वाकड्या चोचीचं पिल्लू

पिल्लू दिवसभर दाणे टिपत होतं आणि तरी उपाशी होतं. आमच्या परड्यातली कोंबडी खुडूक झाल्यावर 11 अंड्यांवर रवणीला बसवली होती. एकविसाव्या दिवशी 9 पिल्लं निघाली, नऊही धट्टीकट्टी. पहिला पंधरवडा कुणाला काही जाणवलं नाही. मग एका संध्याकाळी डालग्याखाली झाकताना आईनं एकाला उचललं आणि म्हणाली, “हे हलकं लागतंय गं.” स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर 74 ग्रॅम. भावंडं 110 ते 120 च्या घरात. उजेडात धरून पाहिलं तेव्हा कळलं: वरची चोच सरळ होती, पण खालची डावीकडे सरकली होती, कात्रीची पाती अर्धवट मिटावीत तशी. शेजारच्या काकू बघून गेल्या. “ह्येचं काय खरं न्हाई बघ, वैनी,” म्हणाल्या.

हे व्यंग इतके दिवस लपून कसं राहतं? अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर पहिले दोन-तीन दिवस काही न खाता काढू शकतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून दूरच्या गावी पाठवता येतात, ती याच शिदोरीच्या जोरावर. त्यानंतरही चोच इतकी छोटी असते की केसाएवढा तिरकेपणा नजरेत भरत नाही. पण कवटी वाढते तशी जबड्याची हाडं लांबतात आणि मुळाशी असलेली किंचित चूक टोकाशी मोठी होऊन दिसते. रोप उगवताना जरासं कललेलं असलं की झाडाचा शेंडा किती लांब जातो, तसं. म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात प्रत्येक पिल्लू एकदा हातात घेऊन समोरून पाहावं. वरून पाहिलं तर फसायला होतं.

चोच म्हणजे नुसतं शिंग, असा आपला समज असतो. बाहेरचं कवच आपल्या नखांसारख्या केराटिनचं असतं हे खरं, पण आत जबड्याचं जिवंत हाड असतं, रक्तवाहिन्या असतात आणि स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. कोंबडी चोचीनं टिपते, उकरते, पिसं साफ करते, पाणी उचलते, भांडते, पिल्लांना दाणा दाखवते. आपण हातांनी करतो ती बहुतेक कामं ती चोचीनं करते. कवच आयुष्यभर वाढत राहतं आणि मातीत टोचून, दगडावर घासून झिजत राहतं. दोन्ही टोकं एकमेकांवर आली तरच ही झीज बरोबर होते. वाकड्या चोचीत ती एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून टोकं वाढतच जातात आणि आधीच अवघड असलेलं खाणं आणखी अवघड होतं.

आता हे होतं कशामुळे? अंड्यातल्या भ्रूणाचा चेहरा एका तुकड्यातून घडत नाही. डोळ्यांमधून, दोन्ही गालांकडून आणि खालून असे वेगवेगळे उंचवटे पुढे वाढत येतात आणि जुळतात. एक बाजू जरा मागे राहिली की जोड तिरका बसतो. या घडणीचा हुकूम कुठून येतो, हे 2003 मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड श्नायडर आणि जिल हेल्म्स यांनी एका विलक्षण प्रयोगातून दाखवलं. चेहरा घडवणाऱ्या पेशी त्यांनी बदकाच्या आणि बटेराच्या भ्रूणांमध्ये अदलाबदल करून बसवल्या. बदकाला बटेरासारखी आखूड चोच आली आणि बटेराला बदकासारखी चपटी. म्हणजे चोचीचा आराखडा त्या पेशी स्वतःबरोबरच घेऊन येतात. पुढच्याच वर्षी डार्विनच्या फिंच पक्ष्यांवरच्या अभ्यासातून बीएमपी-4 नावाचं प्रथिन चोचीची जाडी ठरवतं हे पुढे आलं, आणि ते जास्त मिळालेल्या कोंबडीच्या भ्रूणांची चोचही जाड झाली.

आराखडा पेशींतच असल्यावर त्यातली चूकही काही वेळा वंशातून येणार. स्वित्झर्लंडमधल्या ‘ॲपेन्झेलर बार्टहून’ नावाच्या दाढीवाल्या स्थानिक कोंबड्यांमध्ये सुमारे 7 टक्के पक्ष्यांची चोच तिरकी आढळली होती. चीनमधल्या बीजिंग-यू या देशी जातीतही हे व्यंग दिसतं आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यामागची जनुकं शोधायचा प्रयत्न केला आहे. पण प्रत्येक वेळी दोष वंशाचा नसतो. उबवणूक यंत्राचं तापमान बिघडणं हे एक कारण, अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात फॉलिक ॲसिड, बायोटिन किंवा मँगनीज कमी पडणं हे दुसरं. उलट एखादं द्रव्य जास्त झालं तरी तेच. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात शेतांतून वाहून आलेलं सेलेनियम साचलं आणि तिथल्या पाणपक्ष्यांची पिल्लं विकृत चोचींची निपजली. अलास्कात तर चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांच्या चोची बेसुमार वाढू लागल्या आणि पुढे त्यांच्यात एक नवा विषाणू सापडला.

घरच्या कोंबड्यांसाठी मी यातून एवढा ठोकताळा धरते: एका रवणीतलं एकच पिल्लू असं निघालं, तर तो त्या पिल्लापुरता योग समजावा. दोन-तीन निघाली, तर कोंबडीचा खुराक आणि यंत्र असेल तर त्याचा तापमापक आधी तपासावा. लागोपाठच्या रवणींत तेच घडलं, तर कोंबडा बदलावा.

व्यंग दिसलं की पहिला विचार येतो तो चोच सरळ करण्याचा. कोणी दोऱ्यानं बांधतं, कोणी चिकटपट्टी लावतं. पोपटवर्गातल्या अगदी कोवळ्या पिल्लांवर पशुवैद्य असे उपाय करतात आणि त्यांना यशही येतं. कोंबडीच्या पिल्लात मात्र बहुधा जबड्याचं हाडच पिळलेलं असतं. ते पट्टीनं फिरत नाही, आणि तोंड बांधलेलं पिल्लू तेवढे दिवस उपाशी राहतं. मी चोचीचा नाद सोडला आणि भांड्याकडे वळले.

सपाट ताटलीतला किंवा जमिनीवरचा दाणा उचलायला चिमटा लागतो. या पिल्लाकडे चिमटा नाही, पण फावडं आहे. खालची चोच ते खाद्यात खुपसून वर उचलू शकतं, फक्त खाद्य खोल हवं आणि टेकायला काठ हवा. आमच्याकडे आजीचा जुना दगडी खल पडून होता. जड, कलंडत नाही, कडा उभ्या. तो पिल्लाच्या छातीच्या उंचीला येईल असा पुरला आणि त्यात दोन बोटं खोल ओला भरडा भरला. पहिल्या दिवशी निम्मा भरडा डोक्यावर आणि निम्मा मातीत गेला. तिसऱ्या दिवशी पिल्लानं स्वतःच युक्ती काढली: मान तिरकी करून खलाच्या काठाशी घास दाबायचा आणि मग गिळायचा.

भरडा किती ओला, हे महत्त्वाचं. थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल, पण ओघळेल इतका नको. पिल्लांचं तयार खाद्य बारीक करून कोमट पाण्यात भिजवलं की पुरतं. नुसत्या कण्या किंवा मक्यावर भागवू नये. कमी खाणाऱ्याच्या प्रत्येक घासात प्रथिनं असायला हवीत. उन्हाळ्यात ओलं खाद्य दोन-तीन तासांत आंबतं. आंबलेलं किंवा बुरशी धरलेलं खाद्य सरळ टाकून द्यावं, कारण अशक्त पिल्लाला बुरशीचं विष पचत नाही. पाण्याची वाटीही चोच बुडेल इतकी खोल हवी. पिल्लू लहान असेपर्यंत तळाशी खडे घालावेत, म्हणजे बुडायची भीती राहत नाही.

सिरिंजनं तोंडात पातळ खाद्य सोडायचा मोह मलाही झाला होता. पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं. एक थेंब तिकडे गेला तर फुप्फुसं बिघडतात. हे काम पशुवैद्याकडून शिकल्याशिवाय करू नये.

वाकड्या चोचीचं पिल्लू हळू खातं. कळपात त्याचं खाणं इतर जण संपवतात आणि वर टोचतातही. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा त्याला वेगळं खाऊ घालावं, पण एकटं ठेवू नये. एकटं पिल्लू ओरडून ओरडून दमतं. एखादं शांत भावंड सोबतीला पुरतं. रात्री झाकताना गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. ती भरून फुगलेली हवी आणि सकाळी रिकामी. दर आठवड्याला वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. नजर फसवते, कारण पिसं फुलली की रोडावलेलं पिल्लूही गुबगुबीत दिसतं. चोचीच्या फटीत अडकलेला भरडा ओल्या फडक्यानं पुसावा, नाहीतर तोंडात घाण साचते.

एक गोष्ट सहज राहून जाते. ही चोच पिसं विंचरू शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चोच छाटलेल्या आणि अखंड चोचीच्या कोंबड्यांची तुलना केली, तेव्हा छाटलेल्यांच्या अंगावर उवा आणि बारीक किडे कितीतरी जास्त सापडले. वाकड्या चोचीची गत तीच. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून पाहावीत आणि लोळायला कोरडी माती व राख कायम ठेवावी. मोठं झाल्यावर चोचीचं टोक लांबलं, तर नखं घासायच्या कानशीनं थोडं थोडं घासावं. उजेडात धरल्यावर गुलाबी छटा दिसते, तिथं जिवंत भाग सुरू होतो. त्याच्या अलीकडेच थांबायचं. घासल्यानं चोच सरळ होणार नाही, फक्त खाणं सोपं होईल.

एवढं करूनही दोन-तीन आठवडे वजन घटतच राहिलं, पिल्लू खाद्याकडे जायचं सोडून कोपऱ्यात डोळे मिटून बसू लागलं, तर त्याला ओढून जगवू नये. पशुवैद्याकडे नेऊन त्याची सुटका करणं हाही काळजीचाच भाग आहे, आणि तो निर्णय वजनाच्या आकड्यांवर घ्यावा, आपल्या रडण्यावर नव्हे.

आमचं पिल्लू आता तलंग होऊन अंड्यावर आलं आहे. बहिणींपेक्षा अंगानं थोडं लहान, आवाजानं मोठं. खल अजून तिचाच आहे. दुसरी कोंबडी त्यात तोंड घालायला आली की ती पंख फुलवून धावते. तिची अंडी आई कोळशानं खूण करून वेगळ्या टोपलीत ठेवते. ती रवणीला बसवत नाही, त्यांची पोळी करून खातो.