पीसीओएस आणि कॅन्सर: सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्यावर हे वाचा

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोनच्या बिघाडामुळे अंडाशयातून अंडं वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास. रिपोर्टमध्ये पॉलिसिस्टिक ओव्हरीज असं लिहिलेलं दिसलं की आमच्या सेंटरवर जवळपास प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो, मॅडम, हा कॅन्सर तर नाही ना, किंवा पुढे जाऊन होणार तर नाही ना? काउंटरवर गर्दीत याचं नीट उत्तर देता येत नाही आणि मग बायका घरी जाऊन रात्रभर मोबाईलवर शोधत बसतात आणि जास्तच घाबरतात, म्हणून हे पत्रक काढलंय.

आधी मनातली भीती काढू. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने जे बारीक बारीक काळे ठिपके दिसतात त्या कॅन्सरच्या गाठी नाहीत. त्या अंड्यांच्या अर्धवट वाढलेल्या, पाण्याने भरलेल्या छोट्या पिशव्या आहेत, साधारण 2 ते 9 मिलिमीटरच्या, ज्या पूर्ण वाढून फुटायला हव्या होत्या पण मधेच थांबल्या. त्यांचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही आणि त्या काढायलाही लागत नाहीत. अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर पीसीओएसमुळे वाढतो असंही आतापर्यंतच्या अभ्यासात ठामपणे दिसलेलं नाही.

मग संबंध कुठे आहे? तो आहे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराशी, आणि हे मात्र नीट समजून घ्या कारण इथे आपल्या हातात बरंच काही आहे. दर महिन्याला इस्ट्रोजेन हे हार्मोन ते अस्तर वाढवतं, मग अंडं बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते ही वाढ थांबवतं आणि त्याची पातळी खाली आली की अस्तर पाळीच्या रूपात बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये अंडंच वेळेवर बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन नाही, आणि इस्ट्रोजेन मात्र चालूच, म्हणजे अस्तर महिनोन्‌महिने नुसतं जाड होत राहतं. त्यात वजन जास्त असेल तर चरबीतही इस्ट्रोजेन बनतं, आणि शरीरात इन्सुलिन वाढलेलं असेल तर तेही या सगळ्याला हातभार लावतं. अस्तर असं जाड होण्याला डॉक्टर हायपरप्लेसिया म्हणतात. तो कॅन्सर नव्हे. त्यातल्या पेशी नॉर्मल असतील तर 20 वर्षांतही 100 पैकी 5 पेक्षा कमी जणींमध्ये तो कॅन्सरपर्यंत जातो आणि औषधाने बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पेशी बदललेल्या निघाल्या तर धोका खूप जास्त, तिथे टाळाटाळ नको.

वेगवेगळ्या अभ्यासांत पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा 2 ते 6 पट दिसतो. आकडा वाचून पोटात गोळा येतो, माहितीये. पण तरुण वयात हा कॅन्सर मुळातच फार कमी होतो, त्यामुळे कमी गोष्टीच्या काही पट म्हणजेसुद्धा कमीच, बहुतेक जणींना तो आयुष्यात कधीच होत नाही. म्हणूनच पीसीओएसच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये सरसकट सगळ्यांची तपासणी करायला सांगितलेलं नाही. तेव्हा काही त्रास नसताना केवळ भीतीपोटी दर सहा महिन्यांनी आमच्याकडे सोनोग्राफीला येऊ नका, आम्ही स्वतःच सांगतोय.

डॉक्टरकडे कधी जायचं ते सांगतो. पाळी 3 महिन्यांपेक्षा जास्त लांबली, किंवा वर्षात 4 पेक्षा कमी वेळा आली आणि तुम्ही हार्मोनच्या गोळ्या घेत नाही, तर "माझं असंच असतं पहिल्यापासून" म्हणून सोडून देऊ नका, आपल्या गायनॅकला भेटा. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणता येते, किंवा गर्भनिरोधक गोळ्या, किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवतात, या सगळ्यांनी अस्तराचं रक्षण होतं. गोळ्या किंवा ते साधन चालू असताना पाळी कमी आली किंवा आलीच नाही तर मात्र काळजी नसते, तिथे अस्तर पातळच असतं, ही गोष्ट खूप जणींना कोणी सांगतच नाही आणि त्या घाबरून उपचार बंद करतात. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झालं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. पण बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांनी पाळीकडे दुर्लक्ष करायचं कारण नाही.

दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, खूप दिवस थांबतच नाही असा रक्तस्राव, आणि मेनोपॉजनंतर थोडासाही डाग, यापैकी काहीही झालं तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. सोनोग्राफीत आम्ही अस्तराची जाडी मोजतो पण पेशी कशा आहेत ते सोनोग्राफीत कळत नाही, त्यासाठी डॉक्टर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं, सांगतील. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर आहे असं नसतं.

तपासणीला येताना शेवटच्या पाळीची तारीख, वर्षभरात साधारण किती वेळा पाळी आली आणि कुठल्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत ते कागदावर लिहून आणा. अस्तराची जाडी पाळीच्या दिवसांप्रमाणे बदलते, त्यामुळे तारीख माहीत नसेल तर मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावणं आम्हालाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही अवघड जातं.