संगणक तापमान-निरीक्षण

संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड व हार्ड डिस्क यांतील संवेदकांची वाचने पडद्यावर दाखवण्याची किंवा नोंदवून ठेवण्याची पद्धत. त्यासाठीची सॉफ्टवेअरे (उदा., एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प, एचडब्ल्यूमॉनिटर) प्रामुख्याने ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करणारे, गेम खेळणारे व दुरुस्ती करणारे लोक वापरतात. सर्वसामान्य वापरकर्त्याला त्यांची गरज कितपत आहे, याविषयी एकमत नाही.

या पद्धतीचा आरंभ नेमका केव्हा झाला हे ठरवणे कठीण आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या एलएम७५ व एलएम७८ या चिप मदरबोर्डांवर दिसू लागल्या, तोच काळ सामान्यतः आरंभाचा धरला जातो. त्यावेळचा संवेदक बहुधा प्रोसेसरच्या सॉकेटखाली असे. त्यामुळे तो प्रोसेसरच्या गाभ्याचे नव्हे, तर त्याच्या शेजारच्या हवेचे तापमान सांगे. दशकाच्या अखेरीस प्रोसेसरच्या सिलिकनमध्येच डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) बसवला जाऊ लागला. अशा डायोडच्या टोकांमधील व्होल्टता दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. मात्र प्रत्येक डायोडची मूळ व्होल्टता थोडी वेगळी असते. म्हणून व्यवहारात एकापाठोपाठ दोन भिन्न प्रवाह सोडून दोन व्होल्टतांमधील फरक मोजतात. हा फरक निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असतो आणि डायोडगणिक येणारी बहुतेक त्रुटी त्यातून वजा होते.

इंटेलने २००६ च्या सुमारास कोअर मालिकेत अंकीय संवेदक आणला, आणि येथूनच वाचनांविषयीचा मुख्य वाद सुरू झाला. हा संवेदक तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपर्यंत (टीजे-मॅक्स) किती अंश उरले आहेत, एवढेच तो सांगतो. पडद्यावरचा आकडा मिळवण्यासाठी ही मर्यादा ठाऊक असावी लागते, आणि डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ती त्याकाळी जाहीर नव्हती. काही सॉफ्टवेअरे लॅपटॉपमधील (मोबाईल) प्रोसेसरांसाठीच्या एका बिटावरून ती ८५ की १०० °से. याचा अंदाज बांधत. परिणामी एकाच क्षणी, एकाच यंत्रावर, दोन सॉफ्टवेअरांची वाचने १० ते १५ अंशांनी भिन्न येत आणि दोन्हींचे पाठीराखे आपलाच आकडा खरा म्हणत. २००८ साली इंटेलने काही मूल्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षाअखेरच्या नेहालेम या इंटेलच्या प्रोसेसर-पिढीपासून ही मर्यादा प्रोसेसरच्याच एका रजिस्टरमध्ये (आतील छोट्या स्मृतिकप्प्यात) वाचता येऊ लागली आणि वाद बहुतांशी मिटला. तरीही हा संवेदक मर्यादेजवळ अधिक विश्वसनीय असतो. प्रोसेसर रिकामा असताना दिसणाऱ्या ३० किंवा ३५ अंशांच्या आकड्यावर फारसा भर देऊ नये.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या प्रोसेसरांची वाचनेही सरळ नाहीत. २०१७ च्या रायझेन ७ १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांच्या वाचनात पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम २० अंश मिळवलेले होते. हे ठाऊक नसलेल्या अनेकांनी चांगले चाललेले हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) उतरवून पुन्हा बसवले. याखेरीज मदरबोर्डवरील चिपच्या ज्या जोडणीला संवेदकच लावलेला नसतो, तिथेही १२७ °से. यासारखे आकडे दिसतात. विंडोजच्या अंतर्गत मार्गाने मिळणारे वाचन केल्विनच्या दशांशांत असते. त्यातील ३०१० म्हणजे ३०१ केल्विन, अर्थात २७.८५ °से. कित्येक यंत्रांत हा आकडा कधी हलतच नाही. तो कारखान्यातून भरलेला असतो, मोजलेला नसतो.

संरक्षणाचे काम मात्र या सॉफ्टवेअरांकडे नाही. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकावरील हीटसिंक काढून केलेल्या चाचणीत एएमडीचे अॅथलॉन जळाले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालू राहिला. मर्यादा गाठताच वेग आपोआप कमी करणारी ही यंत्रणा पुढे सार्वत्रिक झाली. तापमान त्याही पलीकडे गेल्यास यंत्र स्वतःच बंद होते. इंटेलच्या अनेक पिढ्यांत ही पातळी सुमारे १३० °से. सांगितली आहे. रायझेन ७००० मालिका (२०२२) तर पूर्ण भाराखाली ९५ °से.वर चालावी अशीच रचलेली आहे. तेथे नव्वदीतला आकडा बिघाडाचा पुरावा ठरत नाही.

तापमान व आयुर्मान यांच्या संबंधाविषयी दोन मते आहेत. दर १० अंश वाढीमागे आयुष्य निम्मे होते, हा प्रचलित नियम रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियसच्या १८८९ मधील समीकरणावर बेतलेला आहे. इलेक्ट्रोलायटिक धारित्रांना (कपॅसिटरांना) तो बऱ्यापैकी लागू पडतो, पण सर्व घटकांना सरसकट लावण्यावर विश्वसनीयता-अभियांत्रिकीत मोठी टीका झाली आहे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली हार्ड डिस्कचा मोठा समूह अभ्यासला, तेव्हा जास्त तापमान व बिघाड यांच्यात अपेक्षेइतका संबंध आढळला नाही. कमी तापमानाच्या डिस्कच अधिक बिघडल्या होत्या. तीन वर्षे व त्याहून जुन्या डिस्कमध्ये मात्र उष्णतेचा परिणाम दिसला. प्रस्तुत नोंदीत दुसरे, सावध मत अधिक ग्राह्य धरले आहे.

पत्रव्यवहार, हिशेब व चित्रफिती पाहणे एवढ्यापुरता संगणक वापरणाऱ्याने असे सॉफ्टवेअर कायम चालू ठेवण्याचे कारण दिसत नाही. पंखा अकारण घोंघावणे, काम करता करता यंत्र एकाएकी बंद पडणे, किंवा भार वाढताच वेग घसरणे अशी लक्षणे असतील, तर एकदा वाचन घेणे उपयोगी ठरते. लॅपटॉपमध्ये याचे कारण पुष्कळदा पंखा व तांब्याच्या पात्यांच्या मध्ये साचलेला धुळीचा थर असतो. बाहेरच्या जाळीतून तो दिसत नाही, पण उघडल्यावर नमद्यासारखा एका तुकड्यात निघतो. खोलीच्या तापमानातील वाढ प्रोसेसरच्या वाचनात जवळजवळ तेवढ्याच अंशांनी उतरते. त्यामुळे विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ °से. असताना दिसलेला आकडा डिसेंबरातल्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

या सॉफ्टवेअरांचा एक धोका क्वचितच सांगितला जातो. हार्डवेअरची रजिस्टरे वाचण्यासाठी त्यांना विंडोजच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) चालणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. त्यांपैकी अनेकांनी वापरलेल्या विनरिंग० या ड्रायव्हरमधील सुरक्षा-त्रुटी २०२० मध्ये नोंदवली गेली, आणि २०२५ मध्ये विंडोजमधील मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ही सुरक्षा-प्रणाली तो धोकादायक म्हणून अडवू लागली. लिनक्समध्ये ही वाचने गाभ्यातूनच मिळतात. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये २०२० पासून स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. बायॉसच्या (विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या) पडद्यावरही प्रोसेसरचे वाचन असते, पण तेथे प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नसल्याने ते विंडोजमधील रिकाम्या वेळच्या वाचनापेक्षा बहुधा जास्त येते.